भुसाही जळतो

आमच्या जुन्या लॅबमधली माणसं कुठे भेटली की पाच मिनिटांत बाईंचा विषय निघतो. कुणी त्यांच्या ओरडण्याची नक्कल करतो, कुणी नाक दाबून बोंबलाचा किस्सा सांगतो, आणि सगळे खो खो हसतात. मागच्या महिन्यात घाटकोपरला एका बारशात असंच सुरू झालं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "पुरे." एवढ्या जोरात म्हटलं की पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. बाळाच्या आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही, पण मला शरम वाटली नाही. बाईंवर हसायचा हक्क त्या घोळक्यातल्या एकालाही नव्हता. मला तर मुळीच नव्हता.

लॅब अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर होती. अजून आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, शेजारी शर्टांना बटणं लावणारे. आमच्याकडे बिस्किटांपासून दगडी कोळशापर्यंत काहीही तपासायला यायचं. बाई तिथल्या सीनियर केमिस्ट. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायचे. शाळेची सवय, दुसरं काय. शिवाय त्या रागवायच्याही शाळेतल्या बाईंसारख्याच. राहायला गोराईला. घर कोळ्यांचं, आईचा सुक्या मासळीचा धंदा. सकाळी बोटीने खाडी ओलांडून बोरिवली, तिथून अंधेरी, आणि तरी साडेनऊला ॲप्रन घालून तयार. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. बोलताना समोरच्याची पोस्ट बघायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात बॉम्ब कॅलोरीमीटर, आणि तिथे बाईंचं राज्य. नाव भयंकर आहे, वस्तू साधी. पोलादाचा जाड डबा. त्यात नमुन्याची एक ग्रॅमची गोळी ठेवायची, तिला बारीक तार टेकवायची, झाकण आवळून आत दाबाखाली ऑक्सिजन भरायचा आणि अख्खा डबा मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवायचा. तारेतून वीज सोडली की आतली गोळी भस्सकन जळते आणि पाणी जरासं तापतं. एखाददोन अंश. ते किती तापलं यावरून त्या पदार्थात किती उष्णता होती ते काढायचं. झालं.

आमच्या मशीनला स्क्रीन होती, उत्तर आपोआप यायचं. बाईंना ते चालायचं नाही. त्या कागद घेऊन हाताने सगळं गणित पुन्हा करायच्या. जळून उरलेला तारेचा तुकडा चिमट्याने काढून पट्टीवर मोजायच्या, आणि जेवढी तार जळली तेवढी तिची उष्णता वजा करायच्या. गोळीला बांधलेल्या दोऱ्याची वजा. आत थोडं ॲसिड तयार होतं, त्याचीही वजा. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "बाई, एवढ्याशा तारेने काय फरक पडतो?"

"तार बिस्किटवाल्याच्या बापाची आहे?"

"नाही."

"मग तिची उष्णता बिस्किटाच्या नावावर का घालतेस?"

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सांगायला गेले, "बाई, सहा हजार तीनशे आलं."

"काय सहा हजार? बटाटे?"

त्यानंतर आजतागायत मी एकही आकडा एककाशिवाय बोललेली नाही. घरी आईलासुद्धा "दीड लिटर दूध" म्हणते, नुसतं "दीड" म्हणत नाही.

प्रयोग चालू असताना खोलीतला पंखा बंद, दार बंद. वाऱ्याची झुळूक आली की पाण्याचं तापमान हलतं. बाई आत घामाने निथळत बसायच्या. एकदा अकाउंट्समधल्या नव्या मुलीने वाढदिवसाचा केक द्यायला दार उघडलं. बाई ओरडल्या, "दार!" एवढं एकच. पण ते खाली खोकेवाल्यांकडे ऐकू गेलं आणि ती मुलगी केकसकट रडत पळाली. संध्याकाळी बाईंनी त्या केकचा तुकडा वाळवला, त्याची गोळी केली, जाळला, आणि सकाळी नोटीस बोर्डावर कागद लावला: 'कालच्या केकची ज्वलनाची उष्णता', खाली आकडा, एककासह, आणि त्याखाली 'केक चांगला होता. हॅपी बर्थडे.' लोक महिनाभर हसत होते. ती माफी होती हे त्या मुलीला कळलं होतं की नाही, देव जाणे. मलाही फार उशिरा कळलं.

आणि बोंबील. परदेशी नाव लावलेल्या एका प्रोटीन बारची सॅम्पलं आली होती. त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं की आपल्या रोजच्या जेवणात ताकदच नसते. बाई भडकल्या. दुसऱ्या दिवशी घरून आईने सुकवलेले बोंबील आणले आणि लॅबच्या मिक्सरमध्ये त्यांची पूड केली. सगळ्या मजल्यावर वास. लोकांनी नाकाला रुमाल लावले, कुणी खिडक्या उघडल्या, कुणी मुद्दाम उलटीचा आवाज काढला. "मॅडम, बॉम्बमधून काय वास येतोय!" कुणीतरी म्हणालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "बॉम्ब बंद असतो. वास मिक्सरमधून येतोय. तक्रार लिहायची असेल तर नीट लिही."

बारचा आणि बोंबलाचा आकडा त्यांनी शेजारी शेजारी लावला. फारसा फरक नव्हता. मी विचारलं, "म्हणजे बोंबील खाल्ला की एवढी ताकद मिळते?"

"बॉम्बला मिळते. तुला त्याहून कमी. बॉम्ब काय, पुढ्यात येईल ते सगळं जाळतो. पोट तसं नाही गं. त्याला झेपतं तेवढंच ते घेतं."

हे सगळे किस्से मलाही येतात. नक्कलही येते. पण ही माणसं इथेच थांबतात. पुढचं कुणी सांगत नाही. मी सांगते.

वस्त्यांमधल्या बालवाड्यांना पोषण आहाराची पाकिटं पुरवणारा एक ठेकेदार आमच्याकडे आला. पाकिटातलं पीठ गरम पाण्यात शिजवलं की गोड शिरा. त्याला शंभर ग्रॅममागे किती कॅलरी आहेत त्याचा रिपोर्ट हवा होता. सॅम्पल माझ्याकडे आलं. मी गोळी करायला घेतली तर ती साच्यातून निघताना फुटायची. दोनदा फुटली, तिसऱ्यांदा जमली. जाळली. पाणी छान तापलं. मी तार वजा केली, दोरा वजा केला, ॲसिड वजा केलं, आणि आकडा आला तो पाकिटावर छापलेल्यापेक्षा जास्त. खूश होऊन मी कागद बाईंना दिला.

त्यांनी गणित तपासलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. मग विचारलं, "गोळी का फुटली?"

मी कागदावर तसं लिहिलं होतं, त्यांनीच लिहायला शिकवलं होतं म्हणून.

"गव्हाचं पीठ असं फुटत नाही." त्यांनी पाकीट उघडलं. पीठ बोटांत चोळलं. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि त्यांनी ती चिमूट जिभेवर ठेवली. लगेच बेसिनमध्ये थुंकल्या. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर पीठ टाकलं. पीठ खाली गेलं आणि वर तपकिरी कुसळं तरंगायला लागली.

"शेंगांची टरफलं," बाई म्हणाल्या. "दळून घातलीत."

दुपारभर त्यांनी ते पीठ आधी ॲसिडमध्ये, मग अल्कलीमध्ये उकळलं. त्यातून जे विरघळत नाही ते पोटातही पचत नाही. गाळणकागदावर उरलेला तपकिरी चोथा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. बराच होता. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "भुसाही जळतो गं. मस्त जळतो. तू बॉम्बला भाकरी दे नाहीतर खुर्चीचा पाय दे, त्याला काय? तीन वर्षांचं पोर हे खाणार, पोट फुगणार, आणि आपण लिहून देणार की बाळाला भरपूर कॅलरी मिळाल्या."

रिपोर्टच्या खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या: ही ज्वलनाची उष्णता आहे, शरीराला मिळणारी नाही. नमुन्यात टरफलांची पूड आहे.

लॅबच्या मालकाने त्या ओळींवर काट मारली. त्याला अहोजाहो करायची माझी आता इच्छा नाही. त्याने आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, पार्टीने काय मागितलंय? कॅलरी. कशाने? बॉम्बने. फायबर मागितलंय का?"

"नाही."

"आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग सही करा ना."

"आकडा खरा आहे म्हणून तर करत नाही," बाई म्हणाल्या. "खोटा असता तर कुणी पकडला असता. हा कोण पकडणार?"

मालकाने बाईंना जायला सांगितलं. मला थांबवलं. माझ्या प्रोबेशनचा तो शेवटचा महिना होता. तो म्हणाला, "ॲनालिसिस तुझं आहे. सही तुझीही चालते. पर्मनंटचं लेटर आजच टाइप करायला सांगतो." मी विचार केला, आकडा तर मी स्वतः काढलाय. तो बरोबर आहे. बाईंनीच तपासलाय. मी खोटं कुठे बोलतेय? एवढा विचार करायला मला चहाचा कप रिकामा होण्याइतकाही वेळ लागला नाही. मी सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं, घरी कुणी आजारी नव्हतं, मुलुंडला आमचं स्वतःचं घर होतं. कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे एकही बरं कारण नाही.

दोन दिवसांनी ठेकेदाराचा माणूस रिपोर्ट न्यायला आला. मी फाइल घेऊन केबिनमध्ये उभी होते. बाई दार न वाजवता आत आल्या. हातात स्टीलचा डबा. टेबलावर त्यांनी तो उघडला. उरलेल्या पाकिटाचा शिरा करून आणला होता. वर वेलची घातली होती, वास खरंच चांगला येत होता.

"घ्या. गरम आहे," त्या म्हणाल्या आणि तीन चमचे मांडले.

ठेकेदाराचा माणूस हसला. "मॅडम, हमको शुगर है."

"साहेब, तुम्ही?"

"हे काय नाटक लावलंय?" मालकाचा आवाज चढला. "बाहेर व्हा!"

"भरपूर कॅलरी आहेत, लिहून दिलंय ना आपण. एक चमचा खा, मी जाते." कुणी हात लावला नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सही तुझी आहे. तू खा."

मी खाल्ला. का, ते अजून सांगता येत नाही. पहिली चव गोड होती. मग जिभेवर, हिरड्यांत, घशात ती कुसळं. गिळताना घसा खरवडला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिघेही माझ्याकडे बघत होते. बाईंनी डबा बंद केला. "हे पोरं रोज खाणार," एवढं म्हणून गेल्या.

त्याच आठवड्यात मालकाने एकेकाला बोलावून बाईंबद्दलच्या तक्रारी लेखी मागितल्या. आणि ज्यांना बाईंचं एवढं हसू यायचं त्या सगळ्यांनी लिहून दिल्या. केकवाल्या मुलीने दाराचं लिहिलं. कुणी त्या अंगावर येतात असं लिहिलं. बोंबलाचं मी लिहिलं. दोन ओळी. 'वैयक्तिक खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत आणून दुर्गंधी पसरवली.' दुर्गंधी हा शब्द मालकाचा, अक्षर माझं. बाईंना काढल्याच्या पत्रात ते वाक्य जसंच्या तसं होतं. टरफलांचं त्यात अवाक्षर नव्हतं. वीस वर्षं नोकरी केलेली बाई वास आणि ओरडण्यापायी गेली, आणि ते किस्से हे लोक आता बारशात सांगतात!

बाईंनी संबंधित खात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की प्रमाणित प्रयोगशाळेच्या रिपोर्टनुसार नमुना समाधानकारक आहे. त्या रिपोर्टवर सही कुणाची होती ते वेगळं सांगायला नको. मी पर्मनंट झाले होते. बाईंची खोली मला मिळाली. तिथे दार लावून बसलं की मला कुणी हाक मारत नसे, आणि मला ते आवडायला लागलं होतं, हेही लिहून टाकते.

दीडेक वर्ष गेलं. आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात, कांजूरमार्गच्या वस्तीतून. एक दिवस त्या आईला सांगत होत्या, "नात शिरा खातच नाय. टोचतंय म्हणते. आम्हाला वाटलं नखरे करते, म्हणून दोन फटके दिले. आता एक बाई येते बालवाडीत, तोंडाची लय फटकळ. ती पाण्यात टाकून दाखवते. वर हे एवढा कचरा!"

मी डबा भरता भरता विचारलं, "मावशी, ती बाई कधी येते?"

शनिवारी मी मावशींबरोबर गेले. पत्र्याची एक खोली, भिंतीवर फळांची चित्रं, दहाबारा बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या. मध्ये बाई, पुढ्यात पाण्याचे ग्लास. प्रत्येकीचं पाकीट फोडायच्या, चमचाभर पाण्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "बघ. मी सांगते म्हणून मानू नको. तू बघ." मग तिच्याकडून नाव, गल्ली, पाकिटावरचा नंबर वहीत लिहून घ्यायच्या.

मावशींनी कौतुकाने मला पुढे केलं. "ही आमची ताई. लॅबमध्येच असते, हेच तपासायचं काम करते."

"ओळखते," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढचं पाकीट फोडलं.

मावशी माझ्याकडे वळल्या. "ताई, मग तुमच्या मशीनमध्ये हे दिसत नाय का?"

मला सोपं होतं. मशीनमध्ये खरंच दिसत नाही. मशीनला फक्त उष्णता कळते. एवढं म्हणून मी सुटले असते, आणि ते खोटंही झालं नसतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या पाणी ढवळत होत्या.

"आम्हाला दिसलं होतं," मी म्हटलं. "चांगलं आहे म्हणून सही मी केली."

मावशींची नात त्यांच्या पदराला धरून उभी होती, मावशींनी तिला उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. "हिला मी मारलं होतं," त्या म्हणाल्या. तेवढंच. सोमवारी त्या आल्या, पोळ्या केल्या, आईशी बोलल्या. माझ्याशी आजही कामापुरतंच बोलतात.

पुढचं थोडक्यात. मी लेखी निवेदन दिलं, नोकरी सोडली, मालकाच्या वकिलाची नोटीस आली, ते प्रकरण अजून चालू आहे. त्या भागातली ती पाकिटं बंद झाली. तोच ठेकेदार दुसऱ्या नावाने दुसरीकडे काहीतरी पुरवतो असं ऐकते, आणि ऐकलं की हातातली वस्तू आपटावीशी वाटते. लॅब जोरात चालू आहे. रिसेप्शनला नवीन सोफा आलाय म्हणे.

पण ते निवेदन देण्याआधी मी ते बाईंना दाखवायला गोराईला गेले होते. त्यांना काढल्यापासून तोवर त्यांच्याशी माझा एक शब्द झाला नव्हता. रविवार होता. त्यांची आई अंगणात बसून मासळी निवडत होती. बाईंनी मला बस म्हटलं नाही, पाणी मात्र दिलं. मग ओट्याच्या कडेला उभं राहून निवेदनाचे दोन्ही कागद वाचले, सावकाश, लॅबमध्ये वाचायच्या तसे.

"हे काय?" त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. "'नमुन्यात टरफलांची पूड असावी असे मला वाटते.' तुला वाटतं?"

"नाही."

"मग?"

मी पेन काढून 'असावी असे मला वाटते' खोडलं आणि 'होती' लिहिलं.

त्यांनी कागद परत घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि माझ्यापुढे धरला. "हे तुला कधी कळलं ते कुठे लिहिलंय?"

"ते लिहायला हवं?" मी विचारलं. "बाई, ते लिहिलं तर मला परत कुठेच..."

"तू दाखवायला आलीस म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "कागद तुझा आहे."

आणि त्या आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांची आई मान वर न करता मासळी निवडत होती. मी ओट्यावर बसले. मग कागद मांडीवर घेतला आणि त्या ओळीपुढे लिहिलं: हे मला सही करण्याआधी माहीत होते.